कूलंट पुन्हा पुन्हा कमी होतंय? पाणी ओतत राहू नका, गळती अशी शोधा

शहापूर : गावातून निघताना गाडी ठणठणीत असते. शहापूर, मुरबाड, वाड्याहून भाजी घेऊन किंवा राजावाडीला दाखवायचा पेशंट घेऊन निघालेली गाडी महामार्गावर तासभर मस्त पळते. मुलुंड ओलांडलं, घाटकोपरची गर्दी लागली की काटा वर चढायला लागतो. बाजूला घेऊन बोनेट उघडावं तर कूलंटची बाटली कोरडी. मग शेजारच्या टपरीवरून पाण्याच्या दोन बाटल्या घ्यायच्या, थांबायचं, ओतायचं आणि पुढं निघायचं. आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

गॅरेजमध्ये दाखवलं की कोणी पाईप बदलतो, कोणी रेडिएटरचं झाकण, कोणी थेट रेडिएटरच नवा टाकायला सांगतो. पैसे जातात, महिनाभर बरं वाटतं आणि पातळी परत खाली जाते. अशा गाड्या प्रत्येक गावात दोन-चार तरी सापडतील.

यात एक गोष्ट आधी पक्की समजून घ्या. कूलंट हे डिझेलसारखं जळून संपत नाही. आजच्या गाडीत ते बंद नळ्यांत फिरत असतं. वर्षभरात बाटलीतली पातळी अगदी थोडी खाली आली तर ठीक, पण महिन्याला अर्धा-एक लिटर टाकावं लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर जातंय किंवा इंजिनाच्या आत जातंय. बाहेर जात असेल तर दुरुस्ती बहुतेक वेळा स्वस्तात होते. आत जात असेल आणि गाडी तशीच दामटली तर हेड उतरवायची वेळ येते. म्हणून कूलंट नेमकं कुठं जातंय हे शोधल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये.

पाणी ओतायची सवय आली कुठून

डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचा आणि रोज सकाळी रेडिएटर बघायचा, ही सवय जुन्या ड्रायव्हर लोकांची. त्यात त्यांची चूकही नव्हती. मुंबईच्या रस्त्यावर अनेक वर्षं राज्य केलेली प्रीमियर पद्मिनी उपनगरातच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार व्हायची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा तो कारखाना. त्या काळच्या गाड्यांत आणि जीपमध्ये रेडिएटर भरून तापला की जास्तीचं पाणी झाकणाजवळच्या बारीक नळीतून सरळ रस्त्यावर पडायचं. परत आत यायची सोयच नव्हती. त्यामुळे पाणी रोज थोडं कमी होणारच आणि रोज टाकावंच लागणार.

पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून हद्दपार झाली. गाडी गेली, सवय राहिली. नंतरच्या गाड्यांत तापून वाढलेलं कूलंट बाजूच्या प्लास्टिकच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की तेच परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. एक थेंब बाहेर पडायचं कारण नाही. तरीही 'गाडी थोडं पाणी पिते, जुनी झालीय' असं म्हणत वर्ष वर्ष पाणी ओतणारे आहेत. तेच वर्ष पुढं महागात पडतं.

हा सगळा कुकरचा मामला

रेडिएटरचं झाकण म्हणजे नुसतं झाकण नाही, ती कुकरची शिट्टी आहे. साधं पाणी १०० अंशाला उकळतं. कुकरमध्ये दाब तयार झाला की तेच पाणी १२० अंशाच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. गाडीतही असंच. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबाला झाकणाची स्प्रिंग उघडते, त्याच्या आत घट्ट बंद राहते. शिवाय निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण असेल तर ते साध्या पाण्यापेक्षा आणखी उशिरा उकळतं.

आता कुकरची रिंग सैल झाली तर काय होतं, घरात सगळ्यांना माहीत आहे. वाफ बाजूने जाते, शिट्टी होत नाही, डाळ शिजत नाही. गाडीच्या झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरला जात नाही, कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून उतू जातं. म्हणजे इंजिन चांगलं, पाईप चांगले, पण एका झाकणापायी गाडी तापते. झाकण बदलताना मात्र जुन्यावरचा आकडा बघूनच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा तालुक्याच्या दुकानात 'हे पण बसतं' म्हणून जास्त आकड्याचं झाकण हातात दिलं तर घेऊ नका. बसतं, पण जास्त दाबानं जुने पाईप फुटतात.

आधी खात्री करा, खरंच कमी होतंय का

सकाळी गाडी पूर्ण गार असताना, सपाट जागेवर उभी करून बाटलीतली पातळी बघायची आणि मार्करने बाहेरून रेघ मारायची. मोबाईलवर फोटो काढा, त्यात किलोमीटरचाही एक फोटो घ्या. तीन-चार दिवसांनी पुन्हा गार असतानाच बघा. गरम गाडीत पातळी वर दिसते, गार झाली की खाली. हा फरक म्हणजे गळती नव्हे. अंगणात उताराला लावलेल्या गाडीचं मापही चुकतं.

बाटली भरलेली आहे म्हणजे रेडिएटरही भरलेला आहे, असं मात्र धरून चालू नका. बाटलीच्या नळीला चीर असेल तर रेडिएटर परत ओढताना कूलंटऐवजी हवा ओढतो. बाटली तशीच्या तशी राहते आणि रेडिएटर अर्धा रिकामा होतो. म्हणून पूर्ण गार गाडीत, झाकण असलेल्या गाड्यांत, एकदा झाकण काढून आत बघायला हवं. कूलंट अगदी तोंडाशी दिसलं पाहिजे.

आणखी एक. नुकतंच पाईप किंवा पंपाचं काम झालं असेल तर आत अडकलेली हवा पहिल्या एक-दोन दिवसांत बाहेर येते आणि पातळी एकदा खाली जाते. भरून घ्या. त्यानंतर स्थिर राहिली तर काळजी नाही. परत गेली तर शोध सुरू.

पुठ्ठ्याची युक्ती

यासाठी एकही रुपया लागत नाही. किराणा दुकानातला मोठा खोका फाडून रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली पसरायचा. पुठ्ठ्यावर पुढची बाजू, चालकाची बाजू लिहून ठेवायची. सकाळी डाग कुठं पडलाय आणि कसला आहे ते दिसतं.

स्वच्छ पाणी, वास नाही, चिकट नाही आणि डाग पुढच्या प्रवाशाच्या पायांच्या बाजूला असेल तर ते एसीचं पाणी. पावसाळ्यात आणि मे महिन्यात ते भरपूर पडतं आणि लोक उगाच घाबरतात. काळं, तपकिरी, बोटाला तेलकट लागलं तर ऑईल. हिरवं, गुलाबी, लालसर किंवा निळं, बोटाला थोडं बुळबुळीत आणि वासाला गोडसर असेल तर ते कूलंट. चव घेऊन बघायची नाही, ते विष आहे. त्याबद्दल शेवटी.

थेंब जिथं पडला तिथंच वर गळती असेल असं नाही. कूलंट पाईपवरून, चॅसीवरून ओघळत जातं आणि भलतीकडे पडतं. चालत्या गाडीत पंख्याच्या वाऱ्याने ते मागंही उडतं. म्हणून ओलावा दिसेल तिथून वर वर जात राहायचं आणि सगळ्यात उंचावरची ओली जागा पकडायची. घराच्या कौलातली गळती शोधतात तसंच हे.

ओलं नसेल तर डाग शोधा. कूलंट गरम इंजिनावर पडलं की पाणी उडून जातं आणि मागे पांढरट किंवा हिरवट-गुलाबी पापुद्रा राहतो. मोबाईलचा टॉर्च लावून पाईपांची तोंडं, क्लिपा, रेडिएटरच्या दोन्ही बाजू बघा. आताच्या बहुतेक रेडिएटरला मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. त्या दोन्हीचा जोड पत्र्याचे दात मुडपून केलेला असतो. तिथून पाझरणं फार सर्रास आहे आणि पटकन दिसत नाही. वॉटर पंपाच्या खाली एक छोटं भोक असतं. पंपाचं सील गेलं की थेंब तिथूनच येतो. ते भोक कंपनीने मुद्दाम ठेवलंय, सील गेल्याचं कळावं म्हणून. एम-सील लावून ते बुजवणारे मिस्त्री आहेत. त्यानंतर कूलंट पंपाच्या बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप जाम होतो.

इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने वाटीसारख्या पत्र्याच्या चकत्या ठोकलेल्या असतात, त्यांना कोअर प्लग म्हणतात. वर्षानुवर्षं बोअरचं साधं पाणी घातलेल्या गाडीत या चकत्या आतून गंजतात आणि सुईएवढं भोक पडतं. सायलेन्सरच्या मागे, हात न पोहोचणाऱ्या जागी एखादी असतेच. इको, ओम्नीसारख्या गाड्यांत इंजिन सीटखाली असल्यामुळे वरून काही दिसत नाही. तिथं सीट उचलून आणि खालून, दोन्हीकडून बघावं लागतं.

गारव्यात गळणारी आणि गरमीत गळणारी

पुष्कळ मिस्त्रींची फसगत इथं होते. काही गळती फक्त गार गाडीत होते. रात्री थंडी पडली की रबर आणि धातू आकसतात, क्लिप सैल होते, दोन थेंब पडतात. गाडी चालू करून गॅरेजला नेईपर्यंत सगळं फुगून घट्ट झालेलं असतं. मिस्त्री बघतो, म्हणतो, 'काही नाही दादा, कोरडं आहे.' तो खोटं बोलत नसतो.

उलट काही गळती फक्त गरम इंजिनात, पूर्ण दाब असतानाच होते. रेडिएटरची बारीक चीर दाबाने उघडते, वाफ होऊन उडून जाते, खाली थेंबही पडत नाही. फक्त गाडी थांबल्यावर बोनेटमधून गोडसर वास येतो. रात्री अंगणात पुठ्ठा कोराच राहतो.

म्हणून मिस्त्रीकडे जाताना 'पाणी कमी होतं' एवढंच सांगू नका. सकाळी थेंब दिसतो की चालवून आल्यावर, घाट चढल्यावर जास्त जातं की गर्दीत, किती किलोमीटरला किती कमी झालं, हे सांगा. गार गाडीतली शंका असेल तर गाडी आदल्या रात्री गॅरेजला लावा आणि सकाळी चालू न करता बघायला सांगा. हे एवढं केलं तरी निम्मा शोध लागतो.

दाबाची चाचणी, हिच्याशिवाय पार्ट बदलू नका

सायकलच्या हातपंपासारखं एक साधन येतं, त्याला घड्याळ असतं. गार इंजिनात रेडिएटरचं किंवा बाटलीचं झाकण काढून त्या जागी ते बसवायचं आणि झाकणावर जेवढा आकडा आहे तेवढाच दाब हातानं भरायचा. इंजिन बंद, कुठं गरम नाही, भाजायची भीती नाही. मग दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर तेव्हा तरी गळती नाही. काटा उतरायला लागला तर टॉर्च घेऊन फिरायचं. गरम इंजिनात जी चीर वाफेमुळे दिसत नव्हती, तिथून आता सरळ धार किंवा थेंब येतो.

याच साधनाने झाकणही तपासता येतं. आकड्याच्या आधीच उघडत असेल तर झाकण टाकून द्यायचं.

काटा उतरतोय पण बाहेर कुठंच ओलं नाही, ही सगळ्यात महत्त्वाची खूण. याचा अर्थ कूलंट आत कुठं तरी जातंय. तेव्हा पाईप आणि क्लिपा बदलण्यात पैसे घालवू नका.

मुलुंड, घाटकोपर, साकीनाका, बोरिवली भागातल्या बऱ्या गॅरेजांत हे साधन असतं. गावाकडच्या प्रत्येक गॅरेजात असेलच असं नाही. पण विचारायला काय हरकत आहे? 'आधी प्रेशर टेस्ट करा, मग सांगा काय बदलायचं' एवढं वाक्य ग्राहकाने ठामपणे म्हटलं तर अंदाजाने पार्ट बदलणं बंद होतं. जुना काढलेला भाग मागून घ्या आणि तो कुठून गळत होता ते बोटाने दाखवायला सांगा. दाखवता आलं नाही तर समजा अंदाजच होता.

अगदीच बारीक गळतीसाठी कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकतात, गाडी दोन दिवस चालवतात आणि अंधारात जांभळ्या दिव्याखाली बघतात. जिथं गळती तिथं तो रंग चमकतो.

बाहेर काहीच दिसत नाही तेव्हा

पहिली सोपी जागा म्हणजे हीटर. डॅशबोर्डच्या आत हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळला की थेंब रस्त्यावर नाही, गाडीच्या आत पडतो. पुढची मॅट उचलून खालचा गालिचा दाबून बघा. ओला, चिकट आणि गोडसर वासाचा असेल, काचेवर आतून तेलकट धुकं धरत असेल, तर गळती तिथं आहे. पावसात दाराच्या रबरातून आलेलं पाणी चिकट नसतं, हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी जागा हेड गॅस्केट. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधला हा पातळ थर. त्यातच कूलंटच्या वाटा, ऑईलच्या वाटा आणि जिथं इंधन पेटतं ते सिलेंडर, तिन्ही वेगळे ठेवायचं काम असतं. गाडी एकदा जोरात तापली की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट एका जागी सोडते. कूलंट सिलेंडरमध्ये गेलं तर सकाळी सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि इंजिन गरम झाल्यावरही थांबत नाही. थंडीच्या सकाळी मिनिटभर वाफ प्रत्येक गाडीत दिसते, ती वेगळी. कूलंट ऑईलमध्ये गेलं तर ऑईलची पट्टी काढल्यावर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं दिसलं तर गाडी चालू करायची नाही, टो करूनच न्यायची. फक्त ऑईलच्या झाकणाखाली थोडा पांढरा फेस असेल आणि पट्टीवरचं ऑईल स्वच्छ असेल तर लगेच घाबरू नका. पावसाळ्यात अंधेरी स्टेशनपर्यंत दोन किलोमीटर आणि परत, अशी छोटी धाव असलेल्या गाडीत आतल्या दमटपणानेही तो फेस धरतो.

गॅस्केटची आणखी एक खूण अशी, की रात्रभर गार झालेल्या गाडीत सकाळी चालू केल्यावर दोन-तीन मिनिटांतच वरचा रबरी पाईप दगडासारखा कडक होतो. अजून इंजिन गरमही झालेलं नसतं, मग दाब आला कुठून? सिलेंडरमधला धूर कूलंटमध्ये शिरतोय. हे नक्की करायला निळ्या रंगाच्या द्रवाची चाचणी असते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात. धुरातला कार्बन डायऑक्साईड असेल तर निळा रंग पिवळा पडतो. हेड उतरवायला सांगितलं तर आधी ही चाचणी मागा, कारण हेड उतरवणं, लेथवर फेस मारून घेणं, नवी गॅस्केट, ऑईल, कूलंट हा सगळा खर्च काही हजारांच्या घरात जातो.

नव्या डिझेल गाड्यांत तिसरी जागाही असते, ईजीआर कूलर. धूर गार करायला त्याच्याभोवती कूलंट फिरवतात. तो आतून फुटला की कूलंट धुराबरोबर निघून जातं. ऑईल चांगलं, गॅस्केट चांगली, खाली थेंब नाही आणि बाटली मात्र रिकामी. गॅस्केट बदलूनही पातळी खाली जात असेल तर याची चौकशी करा.

बदललं तरी पुन्हा का गळतं

नेहमी असा क्रम असतो. समजा एका पिकअपचं झाकण कमजोर होतं. दाब धरतच नव्हता, त्यामुळे दहा वर्षांचे पाईपही टिकून होते. झाकण नवं टाकलं, दाब बरोबर तयार झाला आणि आठवड्यात जुना पाईप फुटला. पाईप बदलला, मग रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा जोड पाझरायला लागला. मालक म्हणतो मिस्त्रीने वाट लावली. खरं तर प्रत्येक वेळी पुढची कमजोर कडी उघडी पडत होती. अशा जुन्या गाडीत झाकण बदलतानाच सगळे पाईप बोटांनी दाबून बघावेत. मऊ लोण्यासारखे किंवा वाळक्या लाकडासारखे लागले तर तेव्हाच बदलावेत.

दुसरं कारण जास्त गंभीर. गॅस्केटमधून धुराचा दाब येत असेल तर तो नव्या पाईपालाही फोडेल आणि नव्या रेडिएटरलाही. वर्षात दोनदा-तीनदा वेगवेगळ्या जागी फुटत असेल तर फुटलेली जागा सोडा, दाब कुठून येतो ते बघा.

तिसरं कारण क्लिप. पाईप बदलला पण ज्या नळीवर तो चढतो तिच्यावरचा जुना गंज आणि पापुद्रा खरवडून काढलाच नाही, तर नवी क्लिप कितीही आवळा, पाझरणारच. पार आवळली तर पाईप चिरतो.

गर्दीतच का तापते

महामार्गावर साठच्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर गार करतो, पंख्याला फारसं काम नसतं. घाटकोपर-अंधेरी लिंक रोडला, साकीनाक्याला किंवा जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर गाडी मुंगीच्या चालीने चालते, तेव्हा सगळा भार पंख्यावर येतो. कूलंट थोडं कमी असेल तर मोकळ्या रस्त्यावर भागून जातं, गर्दीत भागत नाही. म्हणून गळती महिनाभर आधीची असते आणि कळते मुलुंडनंतर. कूलंट पूर्ण भरलेलं असूनही फक्त गर्दीतच तापत असेल तर पंखा, त्याचा फ्यूज आणि रिले बघा. उलट माळशेज किंवा कसारा घाट चढतानाच तापत असेल आणि गर्दीत नाही, तर रेडिएटर आतून चोंदलाय का, त्याच्या जाळीत माती-किडे बसलेत का हे बघायला हवं. शेतरस्त्यावरच्या गाडीत जाळी मातीने बुजणं नेहमीचंच.

बऱ्याच छोट्या नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागला तेव्हा आधीच उशीर झालेला असतो. आणि काटा असलेल्यांनीही एक लक्षात ठेवा. कूलंट खूपच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि चढलेला काटा अचानक खाली येऊ शकतो. 'गार झाली' समजून पुढं गेलेली इंजिनं सीझ झालेली आहेत.

रस्त्यात तापली तर

एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा. घाम निघेल, पण इंजिनाची उष्णता कमी होते. डावीकडे सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, त्रिकोण मागे ठेवा. पुलावर किंवा वळणावर लोकांना गाडीतून उतरवून कठड्याच्या बाजूला उभं करा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदत क्रमांक आहे, इतरत्र अडचणीत ११२.

झाकणाला हात लावायचा नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभरच्या वर असतं. झाकण सुटलं की दाब जातो, ते क्षणात उकळून तोंडावर, छातीवर उडतं. ओलं फडकं धरून उघडणारेही भाजलेत. किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा पाईप हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला की मग फडकं धरून थोडं थोडं उघडा. गार पाणी गरम इंजिनात एकदम ओतू नका, हेडला तडा जातो. थोडं थोडं, इंजिन चालू ठेवून भरा. असं भरलेलं पाणी जवळच्या गॅरेजपर्यंत पोहोचायला. ते तिथं सांगून काढायला लावा.

हळद, बोअरचं पाणी आणि रंगांची भेसळ

रेडिएटरला बारीक भोक पडलं की हळद टाकायची, हा उपाय सगळ्यांना माहीत आहे. रानात, रात्री, घर दहा किलोमीटरवर असताना तो चालूनही जातो. पण हळद भोक ओळखत नाही. हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही ती बुजवते. बाजारात मिळणाऱ्या लिकेज बंद करणाऱ्या बाटल्यांचंही तेच. टाकलीच तर नंतर मिस्त्रीला लपवू नका, पूर्ण धुऊन घ्यायला सांगा.

बोअरच्या पाण्यात क्षार जास्त. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर बसतो तोच आत बसतो, शिवाय गंज वेगळा. कूलंटमध्ये मिसळायला बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर घ्या, महागही नाही. तयार मिश्रणाच्या डब्यात पाणी घालायचं नाही, फक्त घट्ट कूलंटमध्येच घालायचं. डब्यावर वाचून घ्या. रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं, असं नाही. वेगवेगळ्या जातीचं कूलंट मिसळलं तर गंज रोखायची ताकद कमी होते, कधी आत गाळ धरतो. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच भरा.

काढलेलं कूलंट गोठ्याजवळ ओतू नका

कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि फार विषारी असतं. कुत्रं, मांजर, वासरू, शेळी त्याचं डबकं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. लहान मुलांनाही रंगीत पाणी सरबतासारखं दिसतं. त्यामुळे काढलेलं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. विहिरीजवळ, ओढ्यात, गोठ्यामागे ओतू नका. झाकणाच्या डब्यात, वर नाव लिहून, गॅरेजला परत द्या. गाडीखाली डबकं पडलं असेल तर माती टाकून, भरून उचला आणि मगच जनावरं सोडा. कोणी चुकून प्यायलं तर लक्षणांची वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या आणि डबा सोबत घ्या. जनावराने चाटलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात, तेही त्याच दिवशी. पहिले काही तास ते फक्त झिंगल्यासारखं वागतं, मध्ये बरं वाटल्याचा भास होतो, आणि तोवर वेळ निघून जाते.